तारीख रद्द झाली, आजार नाही

मैत्रिणींनो, दवाखान्याच्या खिडकीवर ताटकळून शेवटी "आज नाही, पुढच्या वेळी या" हे शब्द ऐकून परतल्या नसतील, अशा आपल्यात फार थोड्या निघतील. घरी येतो, पाय धुतो, कुकर चढवतो आणि तो दिवस विसरतो. निदान विसरल्यासारखं करतो. तक्रार करायची तर कुणाकडे, आणि करून होणार काय, हा आपला नेहमीचा प्रश्न. मलाही तो पडायचा. मागच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याच घरी अशी वेळ आली, आणि त्यातून मी जे शिकले ते आज तुम्हांला सांगणार आहे.

मी यवतमाळ शहरात राहते. माझ्या मोठ्या जाऊबाई दारव्ह्याकडच्या एका खेड्यात, शेतीवर. पंचेचाळिशी उलटलेली, पण कामाला वाघ. त्यांना छातीत गाठ लागत होती. सहा-सात महिने त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लग्न झालेल्या लेकीलाही नाही. मला सांगितलं तेही पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता. "माह्या छातीत काईतरी हाताले लागते वं," एवढंच म्हणाल्या आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी दिली. रुग्णालयाचं नाव मी सांगत नाही, कारण असं कुठेही घडतं. तिथे अशा तपासणीचा आठवड्यातून एकच दिवस. पुतण्याने मोबाइलवरून नंबर लावला, तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. ऐन कापूस वेचणीचे दिवस. वेचणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर त्यांच्यामागे उभं राहायला घरचं माणूस हवं. तरी मोठे भाऊजी काम टाकून निघाले. आदल्या संध्याकाळी दोघं आमच्याकडे मुक्कामाला आली. पहाटे चारला उठून मी डबा केला आणि पहिल्या एसटीने आम्ही निघालो. जाऊबाई वाटभर खिडकीबाहेर बघत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

खिडकीवर पोचलो तर आतल्या मुलाने संगणकात पाहून सांगितलं, "तुमची तारीख रद्द झालीय. डॉक्टर रजेवर आहेत. मेसेज आला असेल ना?"

मेसेज कुणालाच आलेला नव्हता. माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवला, "आम्ही काय रिकामटेकडे आहोत का?" इथपासून सुरुवात केली आणि बरंच काही बोलले. मागची रांग तमाशा बघत होती. तो मुलगा म्हणाला, "बाई, मी काय करणार? पुढचा नंबर ऑनलाइन लावा." जाऊबाईंनी मागून माझा पदर ओढला. "चाल ना वं. कायले तमाशा करते लोकाईत?"

परतीच्या एसटीत त्या पहिल्यांदा बोलल्या. "देवाच्याच मनात नाई. आता मले कोणी जा म्हणू नका."

त्या वाक्याने मला रात्री झोप लागली नाही.

बाईची तारीख कशी ठरते

विचार करा, आपल्या घरात बाईच्या दवाखान्याची तारीख कशी ठरते? आधी मुलाची परीक्षा संपायला हवी. सासूबाईंचं पथ्यपाणी कुणाकडे तरी सोपवायला हवं. शेताचं काम असेल तर ते, नोकरी असेल तर रजा. मार्च २०२३पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे हे खरं, पण सोबतीच्या माणसाचं पूर्ण असतं, आणि त्याची बुडालेली मजुरी तिकिटात धरलेली नसते. हे सगळं जमलं की मग त्यावर बाईने स्वतःची हिंमत गोळा करायची. जाऊबाईंना ती गोळा करायला सहा-सात महिने लागले होते. संगणकावर तारीख एका बोटाने रद्द होते. हिंमत पुन्हा गोळा करायला मात्र पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि मध्ये गाठ काही थांबत नाही.

आमच्या शेजारी एक सिस्टरबाई राहतात. सरकारी दवाखान्यात उभी हयात नोकरी करून निवृत्त झालेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ मी सगळा राग ओकला. त्यांनी चहा पुढे केला आणि शांतपणे विचारलं, "भांडलीस ते ठीक. पण तू मागितलंस काय?"

मला उत्तर सुचेना. खरंच, इतकं बोलले, पण मला हवं काय ते मी मागितलंच नव्हतं!

"हीच चूक सगळे करतात," सिस्टरबाई म्हणाल्या. "खिडकीवरच्या पोराला झापून तारीख मिळत नाही. त्याच्या हातात काही नसतं. तक्रार करायची ती ज्याच्या हातात काही आहे त्याच्याकडे, कागदावर, आणि शेवटी आपल्याला काय हवं ते लिहून."

एका पानाचा अर्ज

त्यांनी मला समोर बसवून अर्ज लिहून घेतला. माझा पहिला मसुदा तीन पानांचा होता. त्यातली अडीच पानं त्यांनी खोडली. "आमच्यावर घोर अन्याय झाला" हे वाक्य खोडलं. "उद्धट कर्मचारी" खोडलं. "तो मुलगा उद्धट होता की आपण, हे त्या साहेबाला इथून कसं कळणार? जे कागदावर दाखवता येतं तेवढंच लिही." शेवटी जो अर्ज उरला तो असा होता. तुमच्या उपयोगी पडावा म्हणून नमुना देते:

"मा. वैद्यकीय अधीक्षक यांस. माझ्या जाऊबाई (नाव, वय, नोंदणी क्रमांक) यांना अमुक तारखेची, अमुक विभागाची वेळ मिळाली होती. छातीतील गाठीच्या तपासणीसाठी तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्या दिवशी आम्ही सकाळी ९ वाजता पोचलो असता तारीख रद्द झाल्याचे खिडकीवर कळले. तशी सूचना आम्हांला मिळाली नव्हती, दुसरी तारीखही देण्यात आली नाही. तरी विनंती की, (१) गाठीची तपासणी असल्याने लवकरात लवकरची तारीख लेखी द्यावी. (२) रुग्ण दुरून येतात, म्हणून शक्य त्या सर्व तपासण्या एकाच दिवशी व्हाव्यात. (३) सूचना का मिळाली नाही ते कळवावे. माझा चालू मोबाइल क्रमांक खाली दिला आहे."

सोबत चिठ्ठीची आणि नंबर मिळाल्याच्या कागदाची झेरॉक्स. मूळ कागद आपल्याकडेच ठेवायचे, ते कधीही द्यायचे नाहीत. अर्जाच्या दोन प्रती. पुतण्याने जाऊन एक आवक विभागात दिली आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन आला. त्याला सिस्टरबाईंनी बजावलं होतं, "पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको. पोच नाही तर अर्ज नाही." स्वतः जाणं जमत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी.

चौथ्या दिवशी फोन आला. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षक बाई बोलत होत्या. मोठ्या रुग्णालयांत असं पद असतं, त्यांचं कामच रुग्णांच्या अडचणी सोडवण्याचं, हेही मला तेव्हा कळलं. त्यांनी चौकशी केली होती. डॉक्टरांच्या घरी अचानक कुणी वारलं, म्हणून त्या दिवसाच्या सगळ्या तारखा रद्द झाल्या, आणि सगळ्यांना मेसेज गेले होते. "तुमच्या नोंदीत अमुक नंबर आहे," त्या म्हणाल्या.

तो नंबर पुतण्याचा जुना. रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला! नंबर लावताना सवयीने त्याने तोच टाकला होता. मी तोंडात मारल्यासारखी गप्प झाले.

पण त्या बाई मनाने मोठ्या. म्हणाल्या, "मेसेज पाठवला म्हणजे पोचला, असं आम्ही धरून चाललो. गाठीचा रुग्ण, दुरून येणारा. आमच्याकडून एक फोन व्हायला हवा होता. झाला नाही. ती चूक आमचीच." पुढच्याच आठवड्याची तारीख त्यांनी दिली, आणि सोनोग्राफी व सुईची तपासणी एकाच दिवशी करायचं कबूल केलं.

तारीख तर मिळाली, पण जाऊबाई यायला तयार होत्या कुठे? मी फोन केला, लेकीने केला, भाऊजी रागावले. एकच उत्तर, "नाई म्हणजे नाई." शेवटी मी त्या समाजसेवा अधीक्षक बाईंनाच अडचण सांगितली. त्यांनी सरळ गावी फोन लावला आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी तुम्हांला फुकटची खेप पडली. आमची चूक झाली, माफ करा. या वेळी तुम्ही या, मी स्वतः खिडकीजवळ थांबते."

संध्याकाळी जाऊबाईंचा मला फोन. आवाजात नवल मावत नव्हतं. "काय वं, त्या बाईनं मले माफी मांगली!" जन्मात पहिल्यांदाच त्यांच्याजवळ कुणी तरी चूक कबूल केली असावी. त्या आल्या. आणि त्या बाई खरोखरच खिडकीजवळ थांबल्या होत्या.

गाठ कसली निघाली, हे तुम्ही विचाराल. साधी निघाली. औषध-पाणी आणि ठरावीक महिन्यांनी तपासणी, एवढ्यावर भागलं. पण एसटीतून परत येताना ते कुणाला ठाऊक होतं? वेगळी निघाली असती, तर "देवाच्याच मनात नाही" म्हणून घरी बसणं किती महागात पडलं असतं! म्हणून म्हणते, रद्द होते ती तारीख. आजार रद्द होत नाही.

खिडकीच्या पलीकडे

एक बाजू आणखी पाहू या. तारखा रद्द होतात त्या दर वेळी बेपर्वाईनेच, असं नाही. एखादा अपघाताचा रुग्ण आला की ठरलेली शस्त्रक्रिया मागे पडते, आणि आपण त्या जागी असतो तर आपणही तेच मागितलं असतं. मार्च २०२३मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा परिचारिकाही कामावर नव्हत्या आणि कितीतरी ठिकाणी ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या. त्याआधी जानेवारी २०२३मध्ये तर आपल्या यवतमाळच्याच श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका रुग्णाने निवासी डॉक्टरांवर चाकूने हल्ला केला, आणि संतापलेल्या निवासी डॉक्टरांनी काम बंद केलं. १९८९ साली सुरू झालेलं हे महाविद्यालय म्हणजे जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांचा आधार. उमरखेडचा माणूस शंभर किलोमीटरच्या वर प्रवास करून तिथे येतो. एकाने हात उगारला आणि त्याची झळ सगळ्यांना पोचली.

रुग्णालयात मारहाण किंवा मोडतोड केली तर राज्याच्या २०१०च्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय गुन्हा अजामीनपात्र. तेव्हा सोबत गेलेल्या पुरुषमंडळींचा पारा चढू लागला की त्यांना बाजूला घेण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं. त्यांच्या हातात काठीऐवजी कागद द्या. काम होतं ते कागदानेच.

दाद कुठे मागाल?

पहिली पायरी नेहमी तेच रुग्णालय. बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. तिथे आठ-पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर वरची पायरी.

प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल तक्रार असेल तर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय किंवा पुसद, दारव्ह्यासारखं उपजिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असेल तर आधी वैद्यकीय अधीक्षक आणि मग अधिष्ठाता, म्हणजे आपण ज्यांना डीन म्हणतो ते. घरात मोबाइल वापरणारं लेकरू असेल तर शासनाच्या 'आपले सरकार' संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. नोंद झाल्यावर मिळणारा क्रमांक वहीत लिहून ठेवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्याचा अर्ज ठरावीक नमुन्यात आणि पुरेसा आधी द्यावा लागतो, म्हणून तिथे आधी चौकशी करून या. खालच्या कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच इथे कामी येते.

आणि आपल्या अर्जाचं पुढे काय झालं, तो कुणाच्या टेबलावर पडून आहे, हे सरकारी कार्यालयाला विचारण्याचा हक्क २००५च्या माहितीच्या अधिकाराने आपल्याला दिला आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. पुष्कळदा हा अर्ज पडला, की झोपलेली फाईल आपोआप जागी होते.

खासगी रुग्णालयाची गोष्ट थोडी निराळी. राज्याने जानेवारी २०२१मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. त्यांप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद आणि दरांचा फलक दर्शनी जागी लावणं खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. पुढच्या वेळी गेलात की भिंतीकडे जरा नजर टाका. आधी पैसे भरून घेऊन तारीख रद्द केली आणि पैसे परत देत नाहीत, किंवा उशिरामुळे खरोखरच नुकसान झालं, तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केलं. मात्र जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत मिळते, अशी सरकारी रुग्णालयं त्यातून वगळली आहेत. केसपेपरचे किरकोळ पैसे भरले म्हणून आपण ग्राहक होत नाही. २०१९च्या नव्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे रुग्णालय दूरच्या शहरात असलं, तरी यवतमाळच्या बाईला यवतमाळलाच दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पण केवळ एक खेप फुकट गेली म्हणून लगेच आयोगाकडे धावू नका. आधी अर्ज, मग बाकीचं.

खिडकीवरून हलण्यापूर्वी

तारीख रद्द झाली असं कळलं, की राग गिळून हे विचारा:

पुढची तारीख कोणती? ती आत्ताच कागदावर लिहून द्याल का?

आज दुसरे कुणी डॉक्टर बघू शकतील का? एखादी तपासणी, रक्त वगैरे, आजच करून घेता येईल का?

माझा कुठला नंबर तुमच्याकडे आहे? तो चालू आहे ना? घरातला आणखी एक नंबर लिहून घ्या.

इथे तक्रार किंवा विनंती कुणाकडे करायची? समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात?

आणि घरचं काम म्हणाल, तर एक साधी वही करा. पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक, नेहमीची औषधं आणि चालू मोबाइल नंबर. पुढे तारखा: कधी गेलो, कोण भेटलं, काय म्हणालं. सगळ्या चिठ्ठ्या एका जुन्या साडीच्या पिशवीत घालून ठेवा. निघण्याच्या आदल्या दिवशी रुग्णालयात फोन करून "उद्या नक्की आहे ना?" एवढं विचारायला विसरू नका. त्या एका फोनने आमची एक खेप वाचली असती.

मात्र वाट बघण्यासारखं नसेल, तर तारखेच्या नादी लागू नका. छातीत कळ, न थांबणारा रक्तस्राव, श्वास लागणं, बाळंतिणीला झटके, अशा वेळी नंबर लागत नाही. सरळ १०८ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

जाऊबाईंची पुढची तपासणी आता जवळ आली आहे. परवा त्यांचा फोन आला. मला वाटलं, नाही म्हणायला केला असेल. तर म्हणाल्या, "माहावाला नंबर चालू हाये म्हणा त्याईले. अन् शेजारच्या बाईलेही आणतो मी संगं. तिलेही काईतरी हाताले लागते म्हणे."